बाहेर पडताना पदरात काय होतं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांमध्ये लग्नाच्या आणि रीतीभातीच्या जाचातून सुटू पाहणाऱ्या नायिकांवरचा लेख गेल्या अंकात आला. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं छापलेली नाहीत.

आमच्या भिशीतल्या बारा जणींनी वाचनकट्टा सुरू केला आहे. या विषयावरची पुस्तकं ओळीने वाचायची आहेत. पहिलंच पुस्तक ‘अ‍ॅना कारेनिना’ घेतलं आणि तिसऱ्या बैठकीला चौघीच उरल्या. क्रम काय ठेवावा? (ऐरोली)

‘अ‍ॅना कारेनिना’चे आठ भाग आणि २३९ प्रकरणं. त्यातली निम्मी तर शेतीच्या आणि लेव्हिन नावाच्या जमीनदाराच्या गोष्टीची. नव्या कट्ट्याने तिथून सुरुवात केली की गळती लागणारच. ते पुस्तक वर्षाअखेरीला ठेवा.

सुरुवात इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाऊस’ने करा. कादंबरी नाही, नाटक आहे, पण या विषयाची बाराखडी तिथे पक्की होते. तीन अंक, मोठ्याने वाचायला साधारण अडीच तास. मुख्य पात्रं पाच: नोरा, तिचा नवरा हेल्मर, मैत्रीण मिसेस लिंडे, सावकारी करणारा क्रॉगस्टाड आणि डॉ. रँक. पाच जणींनी वाचायचं, बाकीच्यांनी हातात वही घेऊन ऐकायचं. मराठीत हवं तर अनंत काणेकरांचं ‘घरकुल’ आहे.

दुसरं शार्लट ब्राँटेचं ‘जेन एअर’ (१८४७). प्रकरणं ३८, बैठका चार, दर पंधरा दिवसांनी एक: १ ते १०, ११ ते २०, २१ ते २८, २९ ते ३८. तिसरी बैठक सव्विसाव्या प्रकरणावर तोडण्याचा मोह होतो, कारण तिथे भर लग्नात गौप्यस्फोट होतो. तिथे तोडलीत तर दीड तास नायक रॉचेस्टरने माडीवर लपवलेल्या वेड्या बायकोवरच गप्पा होतील. जेन घर सोडते ती सत्ताविसाव्यात आणि सोडल्याची किंमत मोजते ती अठ्ठाविसाव्यात. ही दोन्ही त्याच बैठकीत यायला हवीत. तिसरं पुस्तक हरिभाऊ आपट्यांचं ‘पण लक्षात कोण घेतो?’. त्याला घाई करू नका, सहा बैठका द्या. त्यानंतर अ‍ॅन ब्राँटेची ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ (१८४८) किंवा केट शोपँची ‘द अवेकनिंग’ (१८९९). दुसरीची प्रकरणं ३९ असली तरी आखूड आहेत, दोन बैठकांत संपतात.

आता वहीचं. प्रत्येक पुस्तकासाठी चार रकाने आखा: पैसा, छप्पर, कायदा, मूल. एकेका रकान्याची जबाबदारी तिघींवर. नायिका बंडखोर आहे की सोशिक, यावर वाद घालून हाती फारसं लागत नाही. घराबाहेर पडताना तिच्याजवळ किती पैसे होते, रात्री ती कुठे झोपणार होती, कायद्याने तिचं काय होतं आणि मूल कोणाकडे राहणार होतं, हे लिहून काढलं की कादंबरीची चाल आपोआप उलगडते.

‘जेन एअर’च्या पैशांच्या रकान्यात काय काय येतं ते पाहा. लोवूडच्या शाळेत शिक्षिका म्हणून तिला वर्षाला १५ पौंड, थॉर्नफिल्डला घरशिक्षिका झाल्यावर ३०. रॉचेस्टर लग्नाआधी तिला रेशमी कापडं घ्यायला दुकानात नेतो, तेव्हा त्या मेहेरबानीने तिला गुदमरायला होतं. आपल्या नावावर थोडं तरी असावं म्हणून ती मदिरा बेटावरच्या काकाला पत्र लिहायचं ठरवते. त्याच पत्रामुळे लग्नाची बातमी मदिरात पोहोचते, रॉचेस्टरच्या पहिल्या बायकोच्या भावाला ती कळते आणि लग्न मोडतं! म्हणजे स्वतःच्या पैशासाठी टाकलेलं एक पत्र तिला फसव्या लग्नातून वाचवतं. वाचताना हे पत्र बहुतेकांच्या नजरेतून निसटतं, कारण तेव्हा सगळ्यांचं लक्ष दागिने आणि बुरख्याकडे असतं.

थॉर्नफिल्ड सोडताना तिच्याजवळ फक्त २० शिलिंग, म्हणजे एक पौंड असतो. गाडीवान ३० मागतो, मग वीसमध्ये जमेल तिथवर नेतो आणि व्हिटक्रॉस नावाच्या चार रस्त्यांच्या फाट्यावर, उघड्या माळावर उतरवतो. कपड्यांचं गाठोडं गाडीतच राहून जातं. दोन दिवसांत ती पावाच्या बदल्यात गळ्यातला रुमाल देऊ करते आणि दुकानदारीण नको म्हणते. डुकराला टाकायची थंडगार खीर मागून खाते. पुढे काकाचे २०,००० पौंड मिळतात, ते ती चार भावंडांत ५,००० प्रमाणे वाटते आणि मगच रॉचेस्टरकडे परत जाते, स्वतःच्या पैशाने. शेवटचं लग्न ‘हार’ की ‘जीत’ यावर कट्ट्यावर भांडण होईलच. तेव्हा हा रकाना समोर ठेवा.

कट्टे बिघडतात ते दोन-तीन ठरलेल्या कारणांनी. चर्चा पहिल्या दहा मिनिटांत स्वतःच्या सासूबाईंकडे वळते. ती थांबवू नका, पण तिला शेवटची वीस मिनिटं नेमून द्या. काही जणी सिनेमा पाहून येतात आणि पुस्तकात नसलेले प्रसंग सांगतात, म्हणून बोलताना प्रकरणाचा आकडा सांगायची सवय लावा. आणि सगळ्यांकडे आवृत्ती एकच हवी. मराठी प्रत घेताना मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर ‘संक्षिप्त’ छापलं आहे का ते पाहून घ्या. ‘टेनंट’च्या तर इंग्रजी प्रतीही फसव्या असतात. १८५४ मध्ये निघालेल्या एकखंडी आवृत्तीत मजकुराची काटछाट झाली आणि पुढच्या कित्येक स्वस्त प्रती तिच्यावरूनच निघाल्या. ओळखायची खूण सोपी: सुरुवातीला हॅलफर्ड नावाच्या मित्राला लिहिलेलं छोटं पत्र असेल तर प्रत पूर्ण. एकदम १८२७ च्या शरद ऋतूपासून सुरुवात झाली तर दुसरी प्रत शोधा.

या नायिका शेवटी एक तर मरतात, नाही तर लग्न करतात. लेखकांना तिसरं काही सुचतच नव्हतं का? (नौपाडा, ठाणे)

सुचत होतं, पण बाजार, कायदा आणि कथानक तिघेही आडवे येत.

आधी बाजार. इंग्लंडात नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि किंमत साडेएकतीस शिलिंग. जेनच्या थॉर्नफिल्डमधल्या वर्षभराच्या पगाराचा जवळजवळ विसावा हिस्सा एका कादंबरीला! म्हणून लोक विकत घेत नसत, वाचनालयातून आणत. सगळ्यांत मोठं मुडी यांचं वाचनालय. वर्षाला एक गिनी (एकवीस शिलिंग) भरायची आणि एका वेळी एक खंड न्यायचा. मुडीने प्रती घेतल्या तर प्रकाशक तरला आणि मुडी घरातल्या तरुण मुलीपुढे वाचता येईल असंच पुस्तक घेई. बिघडलेल्या बाईला शिक्षा झालेली दाखवली की वाट मोकळी. १८९४ मध्ये मोठ्या वाचनालयांनी खंडामागे चार शिलिंगांहून जास्त द्यायला नकार दिला, तीन खंडांची पद्धत मोडली आणि त्यानंतर आखूड, स्वस्त, धीट कादंबऱ्यांना जागा झाली.

पण सगळा दोष मुडीवर टाकू नका. १८९५ मध्ये ग्रँट अ‍ॅलनची ‘द वुमन हू डिड’ आली. तिची नायिका हर्मिनिया लग्न नाकारून प्रियकरासोबत राहते. तो मरतो, ती मुलगी एकटीने वाढवते आणि त्या मुलीचं लग्न जमावं म्हणून अखेर विष घेते. इथे मुडी नव्हता. लेखकालाच पुढे कुठे न्यावं ते दिसलं नाही.

रंगभूमीवरचा दबाव आणखी उघड होता. नोरा घर सोडून गेली हे १८८० मध्ये जर्मनीतल्या एका नामांकित नटीला पटेना. ती म्हणाली, मी मुलांना टाकून जाणारी बाई रंगवणार नाही. दुसऱ्या कोणी शेवट बिघडवण्यापेक्षा आपणच बिघडवलेला बरा म्हणून इब्सेनने तिच्यासाठी वेगळा शेवट लिहिला. त्यात हेल्मर नोराला मुलांच्या खोलीच्या दारापर्यंत नेतो आणि ती तिथेच कोसळते. तुमच्या हातातल्या प्रतीत नोरा दाराशी बसून राहिली, तर हीच जर्मन आवृत्ती तुमच्या वाट्याला आली आहे.

कायद्याचा अडथळा फ्रान्समध्ये स्पष्ट दिसतो. तिथे १८१६ पासून १८८४ पर्यंत घटस्फोटच नव्हता. फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ १८५६ ची, नायिका एमा. एमाचं प्रेमप्रकरण बदनाम आहे, पण तिला संपवतं ते कर्ज. कापडवाला लरू तिला उधारीवर माल देतो, वचनचिठ्ठ्यांवर सह्या घेतो आणि सासरे वारल्यावर तोच सुचवतो, नवऱ्याकडून कुलमुखत्यारपत्र करून घ्या. ते हातात आल्यावर एमाला पहिल्यांदा आर्थिक अधिकार मिळतो, तोही उसना आणि फक्त कर्ज काढण्यापुरता. चिठ्ठ्या नूतनीकरणात फुगत जातात. शेवटी न्यायालयाचा हुकूम येतो: चोवीस तासांत ८,००० फ्रँक भरा. दोन्ही प्रियकर हात वर करतात. तिचे शेवटचे दोन दिवस पैसे मागत दारोदार फिरण्यात जातात. एमाला ‘स्वप्नाळू’ म्हणून निकालात काढणाऱ्यांनी तिसऱ्या भागातली ही उधारी कागदावर मांडून पाहावी.

तिसरी वाट हवी असेल तर जॉर्ज गिसिंगची ‘द ऑड विमेन’ (१८९३) वाचा. ऱ्होडा नन लग्नाला नकार देते, जिवंत राहते आणि शेवटच्या पानावर आपल्या कामावर असते. कारण तिच्याकडे कौशल्य आहे आणि संस्था आहे. ती आणि मेरी बारफूट अविवाहित मुलींना टंकलेखन शिकवून कचेरीत कामाला लावतात. १८९३ पर्यंत टंकलेखन यंत्र आलेलं होतं, म्हणून हा शेवट लिहिता आला. जेनला पन्नास वर्षांपूर्वी शिक्षिकेपलीकडे काही करता येत नव्हतं.

जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मधल्या डोरोथियाचं लग्नही याच हिशेबात बघा. तिच्या पहिल्या नवऱ्याने, म्हाताऱ्या कॅसॉबनने मृत्युपत्राला पुरवणी जोडलेली असते: लॅडिस्लॉशी लग्न केलंस तर माझी मालमत्ता गेली. ती सगळं सोडते. त्याग मोठा आहे, पण तिचे स्वतःचे वर्षाला ७०० पौंड शाबूत आहेत. उपाशी मरण्याची धास्ती नसलेल्या त्यागाला टाळ्या जरा बेताने वाजवाव्यात, एवढंच.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ‘पण लक्षात कोण घेतो?’मधली यमू आणि ‘टेनंट’मधली हेलन यांची तुलना घेतली आहे. ‘पाश्चात्त्य स्त्री मोकळी, आपली जखडलेली’ असा निष्कर्ष आधीच डोक्यात आहे. तो बरोबर आहे का? (वाशी)

निष्कर्ष आधी असेल तर प्रकल्प बाजूला ठेवा आणि कायद्याची वर्षं एका कागदावर मांडा. इंग्लंडात १८७० पर्यंत लग्न झालेल्या बाईची स्वतःची कमाईसुद्धा कायद्याने नवऱ्याची होती. सर्व मालमत्ता तिच्या नावे राहू शकली ती १८८२ पासून. १८३९ च्या कायद्याने आईला सात वर्षांखालच्या मुलाचा ताबा निदान मागता येऊ लागला. १८५७ मध्ये न्यायालयातून घटस्फोट मिळू लागला, पण नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरेसा आणि बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा टाकून जाणं असं काही सिद्ध करावं लागे. हेलनची गोष्ट १८२० च्या दशकात घडते, म्हणजे यातलं एकही तिच्या मदतीला नाही.

उलट हिंदू धर्मशास्त्रात आईवडिलांनी प्रेमाने दिलेलं सौदायिक स्त्रीधन पुरतं बाईच्या मालकीचं. ते विकायला, द्यायला ती मुखत्यार. कागदावर पाहिलं तर पुण्यातल्या बाईच्या पाटल्या तिच्या स्वतःच्या आणि इंग्लंडातल्या बाईचा हार नवऱ्याचा. व्यवहारात पाटल्यांचं काय होई ते आपल्याला ठाऊक आहे. पण प्रकल्पात दोन्ही लिहा: कायदा काय म्हणे आणि घर काय करी.

मग दोन प्रसंग निवडा आणि शेजारी शेजारी ठेवा. हेलनचा प्रसंग चाळिसाव्या प्रकरणातला. दारुड्या नवऱ्यापासून मुलाला घेऊन पळायचं आणि चित्रं विकून पोट भरायचं असा तिचा बेत रोजनिशीत लिहिलेला. नवरा हंटिंग्डन ती रोजनिशी तिच्या हातातून हिसकावून वाचतो, किल्ल्या घेतो आणि तिच्या रंगकामाच्या जागी जातो. रंगाची पाटी, रंग, कुंचले, कॅनव्हास सगळं शेकोटीत. दागिने आणि पैसे काढून घेतो, वर म्हणतो, खर्चाला महिन्याला थोडे देत जाईन. त्याने यात कायदा कुठेच मोडलेला नाही! पुढे ती निसटते, तेव्हा छप्पर तिच्या भावाचं असतं, नाव खोटं असतं आणि वाइल्डफेल हॉलच्या चित्राखाली ती ‘फर्नली मॅनर, कंबरलंड’ असं भलतंच ठिकाण लिहून ते लंडनला विकायला पाठवते. नवऱ्याला माग लागू नये म्हणून चित्रकाराने स्वतःच्या चित्राला खोटा पत्ता घालायचा, हे एवढं एक वाक्य तुमच्या प्रकल्पाचं अर्धं काम करेल.

यमूचं वेगळं आहे आणि मला वाटतं हरिभाऊंची खरी धार तिथेच आहे. तिचा नवरा चांगला आहे. रघुनाथराव तिला शिकवतो, मुंबईला बिऱ्हाड करतो, ती चार बायकांत मिसळते, वाचते. वाचकाला वाटतं, सुटली बिचारी. पण ते बिऱ्हाड, तो पैसा, ती मोकळीक सगळं एका माणसाच्या श्वासावर टांगलेलं. तो गेला की सगळं एकदम जातं. ती सासरच्या घरात परत येते आणि शंकरमामंजींच्या हातात सापडते. जबरदस्तीने केशवपन होतं. एकत्र कुटुंबातल्या विधवेला तेव्हा वाटा नव्हता, फक्त अन्नवस्त्र. हे बदललं थेट १९३७ मध्ये. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाह करता येत होता, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क सोडावा लागे. म्हणजे दार उघडं, पण पाऊल टाकताना हात रिकामे.

हेलनचा नवरा वाईट, म्हणून तिला पळावं लागतं. यमूचा चांगला, तरी तिचा बचाव होत नाही. तुलना इथून सुरू करा, निष्कर्ष आपोआप बदलेल. प्रकल्पात आणखी एक चूक हमखास होते. यमूचं निवेदन पहिल्या पुरुषात आहे म्हणून ते खऱ्या विधवेचं आत्मचरित्र असल्यासारखं उद्धृत केलं जातं. लिहिणारा पंचविशी ओलांडलेला पुरुष होता आणि १८९० पासून स्वतःच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकात ती क्रमशः छापत होता, हे पहिल्या पानावर नोंदवा. त्याच १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचं केशवपन न करण्याचं ठरवलं होतं. कादंबरी कोणत्या हवेत वाचली जात होती ते त्यावरून कळेल.

मराठीतली पहिली कादंबरीही विधवांवरच आहे म्हणतात. आज वाचवते का? (कोपरी, ठाणे)

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७). कथा म्हणून वाचाल तर कंटाळाल, कारण यमुना आणि तिचा नवरा विनायकराव गावोगाव फिरतात आणि ठिकठिकाणच्या विधवांच्या हकिकती ऐकतात. पाहणीचा अहवाल म्हणून वाचा, मग पानं पटापट उलटतात. मजा अशी की तिची नायिकाही यमुनाच. तीही विधवा होते, पण ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. हरिभाऊंच्या यमूच्या तेहतीस वर्षं आधीची ही यमुना तरते, कारण तिला जातीबाहेर, मिशनच्या आसऱ्याला जागा आहे. पदमनजी स्वतः धर्मांतरित होते, त्यांच्या हेतूबद्दल वाचताना सावध राहा. छपराचा रकाना मात्र दोन्ही यमुनांसाठी भराच. पुढे १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढलं तेव्हा हाच प्रश्न कादंबरीबाहेर आला: विधवेला बाहेर पडायचंय, पण रात्री राहील कुठे?

रखमाबाईंच्या खटल्यावर त्या काळात कादंबरी का आली नाही? एवढा मसाला होता! (कळवा)

खटल्यापुढे कादंबरीच फिकी पडली असती. अकराव्या वर्षी लग्न, नवऱ्याच्या घरी कधीच नांदल्या नाहीत. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी यांनी बायकोने नांदायला यावं म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात तो पुन्हा उभा राहिला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नांदायला जा, नाही तर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

त्यांच्याही बाबतीत रकाने भरून पाहा. वडिलांची मालमत्ता आईमार्फत त्यांच्याकडे आलेली, छप्पर सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचं, लिहिता-वाचता येत होतं आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ म्हणून त्यांची पत्रं छापून येत होती. हिमतीला हे सगळं जोडीला होतं. कादंबरीकारांना अशी नायिका त्या काळात ‘असंभाव्य’ वाटली असती.

आपल्याकडच्या बायकांनी स्वतः काय लिहिलं? सगळं पुरुषांनीच का सांगावं? (घोडबंदर रस्ता)

ताराबाई शिंद्यांची ‘स्त्री पुरुष तुलना’ (१८८२) कादंबरी नाही, पण कुठल्याही कादंबरीच्या आधी वाचावी. अंगावर येते आणि तशीच यायला हवी. काशीबाई कानिटकरांची ‘रंगराव’ पुस्तकरूपात १९०३ ची. त्यांनीच आनंदीबाई जोशींचं चरित्रही लिहिलं. आनंदीबाई आपल्या कल्याणच्या, त्यामुळे ठाणे जिल्ह्यातल्या कट्ट्यांनी ते सोडू नये. नवऱ्याच्या हट्टाने शिकलेली बाई ‘स्वतंत्र’ म्हणायची का, हा प्रश्न त्यातून टोकदार होतो.

दोघी इंग्रजीत लिहिणाऱ्या आहेत. अहमदनगरात जन्मलेल्या कृपाबाई सत्तियानाधन यांच्या ‘कमला’ (१८९४) या कादंबरीत विधवा झालेली नायिका चांगल्या माणसाचा हात नाकारते. आजच्या वाचकाला ते मागासलेपण वाटतं. सासरचे, समाज, प्रियकर सगळे आपापलं सुचवत असताना ती एकटीने ठरवते, हे नजरेआड करू नका. शेवंतीबाई निकंबे यांच्या ‘रतनबाई’त (१८९५) मुंबईतल्या एका लहान सुनेची शाळा सुटते आणि पुन्हा सुरू होते, एवढीच गोष्ट. लहान पुस्तक आहे, दोन बसण्यांत होतं.

जुन्या मराठी प्रतींसाठी आधी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा. संस्था १८९३ ची, म्हणजे ‘पण लक्षात कोण घेतो?’ पुस्तकरूपात आली त्याच वर्षीची. पुस्तकाचं नाव आणि लेखक दोन्ही लिहून न्या. ‘आपट्यांची ती विधवेची’ म्हटलंत तर ग्रंथपाल काय करणार?

नवऱ्याच्या तोंडावर दार लावणारी पहिली नायिका नोराच ना? (घणसोली)

नाही. हेलनने १८४८ मध्येच झोपायच्या खोलीचं दार नवऱ्याला बंद केलं होतं, नोराच्या एकतीस वर्षं आधी. नोरा बाहेरून दार लावते, हेलन आतून. त्या काळच्या कायद्यात आतून लावलेलं दार जास्त धाडसाचं होतं. आणि नोराच्या दाराचा आवाज ऐकण्याआधी तिचं कर्जखत नीट वाचा. बायकोला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज काढता येत नव्हतं, म्हणून तिने वडिलांची खोटी सही केली. सहीवर तारीख २ ऑक्टोबर आणि वडील वारले २९ सप्टेंबरला. क्रॉगस्टाडने तीन दिवसांची ती फट बरोबर पकडली. १९४२ च्या ‘कुलवधू’त रांगणेकरांनी याच धाग्यावर मराठी नाटक उभं केलं, तेव्हा त्यांची भानुमती कमावती अभिनेत्री होती. घर सोडल्यावर तिच्या जेवणाची चिंता प्रेक्षकाला करावी लागली नाही.

कट्ट्यासाठी या पुस्तकांच्या झेरॉक्स काढल्या तर चालतं का? (नेरूळ)

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. हरिभाऊ १९१९ मध्ये गेले, काशीबाई १९४८ मध्ये, त्यामुळे त्यांचा मूळ मजकूर मोकळा आहे. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि संपादन मात्र त्या त्या संपादकाचं, ती पानं वगळा. ब्राँटे भगिनी, फ्लोबेर, इब्सेन मूळ भाषेत मोकळे. मराठी अनुवादाचा हक्क अनुवादकाच्या मृत्यूपासून मोजायचा. काणेकर १९८० मध्ये गेले, म्हणजे ‘घरकुल’ २०४० च्या अखेरपर्यंत हक्काखाली. त्याच्या प्रती विकतच घ्या किंवा वाचनालयातून आणा. सोसायटीच्या सभागृहात तिकीट न लावता आपसात वाचायला अडचण नाही. गणेशोत्सवात तिकीट लावून प्रयोग करायचा असेल तर आधी हक्कदारांची लेखी परवानगी घ्या, पोस्टर छापण्याच्या आधी.